बदामाचं पान आणि डावा हात

इंदूरला मी खायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. परत आल्यापासून भेटेल तो सराफ्यातल्या खाऊगल्लीबद्दल विचारतो आणि मी तिकडे फिरकलेही नाही म्हटल्यावर माझ्याकडे वेड्यासारखं बघतो. मी गेले होते उभं राहायला शिकायला. खरं तर तेही नाही. उभं राहणं कसं टाळता येईल हे बघायला गेले होते.

मी कऱ्हाडात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सत्तावीस वर्षं लोकांच्या शिरेत सुई घालते आहे. चिगाँगशी गाठ पडली ती गेल्या वर्षी, मानेच्या दुखण्यामुळे. श्वासाबरोबर संथ हालचाली करायचा हा चिनी व्यायाम. त्यातला आठ हालचालींचा पहिला संच मी मोबाइलवर बघून शिकले. शिकवणारे मुकुंद सर मूळचे इंदूरचे मराठी, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले आणि माझी मामेबहीण सुलूताई हिच्या ओळखीतले. त्यांचा एक नियम आहे. पहिला संच अंगात मुरला की पुढची एकच क्रिया निवडायची आणि शंभर दिवस तीच करायची. ती निवडता यावी म्हणून ते जानेवारीत सहा दिवस सगळ्यांना इंदूरला बोलावतात आणि तीन क्रिया करायला लावतात. पाच प्राण्यांसारख्या हालचाली, संथ चालणं आणि खांबासारखं नुसतं उभं राहणं.

मी घरूनच प्राणी ठरवून निघाले होते. त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं, सुलूताईलाही नाही.

कारण असं. निघायच्या तीन आठवडे आधी लॅबमध्ये एक आजोबा रक्त द्यायला आले. उजव्या हातात सुई, डाव्या अंगठ्याने शीर ताणून धरलेली, आणि आजोबा म्हणाले, "ताई, तुमचा हात हलतोय काय?" मी म्हटलं, थंडी आहे. मग नेहमीचं म्हटलं, "तिकडे खिडकीकडे बघा." आजोबांनी खिडकीकडे बघितलं, मी हाताकडे. डावा अंगठा हलत होता.

माझ्या वडिलांना, आप्पांना, कंपवात होता. सुरुवात बशीतल्या कपाच्या आवाजाने झाली. मग त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, इतकं की शेवटी बँकेने सही मानली नाही. त्या दिवशी आप्पा घरी येऊन नुसते खुर्चीवर बसून राहिले होते. ते आठवून मी तीन आठवडे नळ्यांवरच्या लेबलांवरचं माझं अक्षर तपासत होते. लहान मुलांचं रक्त घ्यायचं काम गुपचूप सहकारिणीकडे सरकवत होते. डॉक्टरकडे गेले नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला डॉक्टरची वाट सांगावी लागत नाही, पण मला भीती वाटत होती, एवढंच.

आणि क्रिया निवडताना मनात एकच हिशेब होता. हलण्यात हलणं खपून जातं. उभं राहिलं की दिसतं.

अन्नपूर्णा

सुलूताईचं घर अन्नपूर्णा मंदिरापासून दोन गल्ल्या आत. ती लग्न होऊन इथे आली त्याला छत्तीस वर्षं झाली आणि आता तिच्या मराठीत निम्मी हिंदी आहे. सकाळी सहाला ती पोहे घेऊन समोर उभी.

"सर उपाशीपोटी या म्हणालेत," मी म्हटलं.

"हां, ते सगळ्यांनाच बोलतात. इंदूरमध्ये कोण ऐकतं? थोडेसे घे ना, वैजू. वरून जीरावन टाकलंय."

आमच्याकडे पोहे कढईत परततात. इथे ते वाफेवर ठेवतात, त्यात बडीशेप असते, आणि वर शेव आणि तो जीरावनचा आंबटतिखट मसाला. शेजारी जिलबी. आंबट, तिखट आणि गोड एकाच घासात कसं जातं हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही; तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतले. पण पहिल्या दिवशी बशी मी उजव्या हातात धरली आणि डावा हात शालीत ठेवला. सुलूताईने विचारलं, "थंडी जास्त वाटते का गं?" मी हो म्हटलं. थंडी होतीच, आमच्या कृष्णाकाठच्या थंडीपेक्षा कोरडी आणि बोचरी.

वर्ग जवळच्या एका शाळेच्या मैदानावर भरायचा. आम्ही चौदा जण. मैदानाच्या कडेला बदामाची तीन झाडं, पानं लाल होऊन गळत होती. पहिला दिवस प्राण्यांचा. वाघ होऊन पंजे मारले, हरणासारखी मान वळवली, अस्वलासारखं डुललो. करकोच्याच्या वेळी मी एका पायावर कलंडले आणि शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर गेले. त्यांनी मला धरलं. धरणाऱ्याचा उजवा हात चांगलाच थरथरत होता.

"घाबरू नका," ते म्हणाले, "हा हात असाच आहे. चार साल झाले. कंपवात."

मी आभार मानायचे सोडून दोन पावलं मागे सरकले, जसं काही ते लागणारं असावं. सत्तावीस वर्षं लॅबमध्ये काढूनही. त्याची लाज अजून जात नाही.

ते जयंतजी. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, भंवरकुआंला घर, वरच्या मजल्यावर कोचिंग क्लासची मुलं भाड्याने. मुलगी रोज गाडीवरून सोडून जायची. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं आणि चालणं निवडावं की उभं राहणं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

त्या दिवशी वर्ग सुटताना सरांनी प्रत्येकाला एक कागद दिला. रोज किती वेळ मिळतो? गुडघे कसे आहेत? घरी जागा किती? चुकलं तर सांगणारं कोणी आहे का? मी सुलूताईच्या ओट्याशी बसून उत्तरं भरली. वेळ अर्धा तास. गुडघे बरे. जागा म्हणजे चार फुटी गॅलरी, त्यात कुंड्या. चूक सांगणारं कोणी नाही. माझीच उत्तरं मला सरळ उभं राहण्याकडे ढकलत होती. चार फुटांत वाघ मावत नाही. मी कागद घडी करून पर्सच्या तळाशी ठेवून दिला.

मैदान

उभं राहणं तीन दिवस होतं, कारण ते लवकर कळत नाही असं सरांचं म्हणणं. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, दोन्ही हात पुढे, तळवे खाली, पाण्यावर ठेवल्यासारखे. आणि मग सरांची स्वतःची पद्धत. त्यांनी गळलेली बदामाची पानं गोळा करून आणली होती. सकाळी सहालाच मैदान झाडून लख्ख व्हायचं, हे इंदूर आहे, म्हणून ते झाडणाऱ्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, "भिया लोग येणार आहेत, चौदा पानं सोडून दे." इंदुरात सगळेच भिया, म्हणजे भाऊ. प्रत्येकाच्या डाव्या हातावर एकेक पान.

"ही परीक्षा नाही," सर म्हणाले. "पान पडलं तर पडलं. पडलं की थांबायचं, बसून जायचं. शरीर बोलतंय की आज बस. उद्या पुन्हा."

चौदा जण हातावर पान घेऊन उभे. मैदानावर आवाज नाही. आणि मग मला माझं पान ऐकू यायला लागलं. वाळकं पान, कडा वर वळलेल्या, आणि त्यातून बारीक सळसळ. वारा नव्हता. मी श्वास धरून बघितलं, सळसळ वाढली. वाटलं, सगळ्यांना ऐकू जातंय. चौथ्या मिनिटाला पान घसरून पडलं. सगळ्यांत आधी माझं.

जयंतजींचं सहाव्याला पडलं. कंपवाताच्या माणसाआधी माझं पडलं होतं. मी बाकावर बसून हातात पर्स घट्ट धरली आणि उरलेला वेळ जमिनीकडे बघत काढला. पुस्तकातलं सगळं मला माहीत होतं. हात पुढे धरल्यावर येणारा कंप वेगळा, हात स्वस्थ पडलेला असताना येणारा वेगळा, कंपवाताचा बहुतेक दुसरा. थकव्याने, चहाने, थायरॉइडनेही हात हलतो. दुसऱ्या कुणाला मी हे शांतपणे सांगितलं असतं. स्वतःला सांगताना शब्द आणि भीती यांची गाठच पडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी जे केलं ते कऱ्हाडच्या लॅबमधली बाईच करू जाणे. माझ्या पर्समध्ये कायम कागदी चिकटपट्टीचं रीळ असतं, सुई काढल्यावर कापसावर लावतो ती. त्याचा इंचभर तुकडा कापला, चिकट बाजू बाहेर ठेवून त्याची कडी केली आणि डाव्या हाताच्या पाठीवर, शालीखाली, बसवून टाकली. सरांनी दिलेलं पान मी स्वतःच त्यावर ठेवलं आणि उजव्या बोटाने हलकेच दाबलं. झालं.

पान वीस मिनिटं राहिलं. सळसळत होतं, पण राहिलं. बाकी सगळे बसले तरी मी उभी. शेवटी सर माझ्यासमोर आले.

"बघा वैजयंतीजींचं. काल चार मिनिटं, आज वीस. मतलब शरीर शिकतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पान मी घाईने उपटून काढलं आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डबा तिथे होताच, तो नाही असं इंदुरात कुठे होत नाही.

जाताना जयंतजी जवळ आले. "वैजयंतीजी, माझं ठरलं बरं का. मी उभं राहणंच घेणार. तुमचं होऊ शकतं तर माझं पण होईल."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "हो, होईल ना."

घरी सुलूताईने गराडू तळले होते. रताळ्यासारखा एक कंद, कुरकुरीत, वर मसाला आणि लिंबू, फक्त थंडीत मिळणारा. मी एकच तुकडा बशीत फिरवत राहिले. ती म्हणाली, "काय झालं गं? तू तर फर्स्ट आलीस." मी हसले. मनात म्हटलं, उद्या नाही लावायची पट्टी. पण उद्या पान चौथ्या मिनिटाला पडलं तर सगळे विचारणार, काल तर वीस होतं. सकाळी पुन्हा इंचभर तुकडा कापला.

चौथा दिवस. जयंतजी माझ्या समोरच उभे राहिले, मुद्दाम, म्हणजे माझं पान दिसावं. दहाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांचं पान पडलं. ते बसले नाहीत. मी बघत होते, त्यांच्या कपाळावर घाम, गुडघे लटपटत होते. सर पलीकडच्या रांगेत होते. जयंतजींची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बसा, पण मी पान धरून उभीच राहिले. मग त्यांचे गुडघे एकदम वाकले आणि ते कुशीवर कोसळले.

मी धावले. गुडघ्यावर बसले, त्यांचं डोकं बघितलं, मनगट बघितलं. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं, बाकी धड होते. पर्समधून कापूस काढला, जखम पुसली, रीळ काढून पट्टी दातांनी तोडायला हात वर केला, आणि सगळं मैदान गप्प झाल्याचं मला जाणवलं.

पान माझ्या हाताला चिकटलेलंच होतं. मी एवढी धावले होते, वाकले होते, आणि ते लाल पान डाव्या हातावर तसंच उभं.

जयंतजी पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होते. "हे तर चिपकवलेलं आहे," ते हळूच म्हणाले.

सरांनी बाकीच्यांना झाडाकडे नेलं. मी कोपराला पट्टी लावत राहिले, त्याच रिळातली, आणि रडू येत होतं ते थोपवायच्या भानगडीत पडले नाही. सगळं सांगितलं. लॅबमधले आजोबा, आप्पा, बारीक झालेलं अक्षर, बशी.

जयंतजी रागावले होते, तसं त्यांनी सांगितलंही. "दोन दिवस मी तुमच्या पानाकडे बघून उभा होतो. माझ्या मुलीला फोन करून बोललो, की बेटा, एक बाई आहे, तिने करून दाखवलं."

मी पट्टीची कड दाबून बसवली.

मग त्यांनी विचारलं, "खाली ठेवल्यावर हलतो का? मांडीवर, असा, काही काम नसताना?"

"माहीत नाही."

"मतलब? तीन हप्ते झाले ना?"

"मी बघितलंच नाही."

खरंच बघितलं नव्हतं. तीन आठवडे मी त्या हाताला रिकामं राहू दिलं नव्हतं. पर्स, मोबाइल, पदर, काही ना काही त्यात धरलेलं. झोपताना तो उशीखाली.

"ठेवा इथे," जयंतजी म्हणाले.

मला जमलं नाही. मी हातात रीळ धरून बसले. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मग म्हणाले, "उद्या दुपारी माझा नंबर आहे, पलासियाला, डॉक्टरांकडे. तुम्ही पण चला. मी फोन करून ठेवतो."

पलासिया

सुलूताईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "आप्पांचं मला पण आठवतं गं. पहिले बोलायचं ना," आणि चहाचा कप मुद्दाम माझ्या डाव्या हातात दिला.

पाचव्या दिवशी सकाळी चालण्याची क्रिया झाली. आधी टाच, मग तळवा, मग बोटं, एका पावलाला एक श्वास. जयंतजी मैदानाच्या कडेने लांब लांब पावलं टाकत चालले आणि त्यांचं चालणं त्या दिवशी आमच्या सगळ्यांपेक्षा देखणं होतं. मी आठ पावलांत श्वास विसरले. डोक्यात पलासिया होतं.

दुपारी जयंतजी, सुलूताई आणि मी रिक्षाने निघालो. पलासियाच्या चौकात गाड्यांची ही गर्दी, बँका, क्लास, दवाखाने, एकावर एक पाट्या. दवाखान्याचा जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले आणि सुलूताईला म्हटलं, "परत जाऊ या का?" ती माझ्या मागच्या पायरीवर उभी राहिली. ती अंगाने भरभक्कम आहे, खाली उतरायला जागा उरली नाही.

डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. लिहायला लावलं, चालायला लावलं, बोटं चिमटीसारखी मिटून उघडायला लावली, मनगट फिरवून बघितलं. हात पुढे धरायला लावून त्यावर कागद ठेवला. कागद थरथरला. मग म्हणाले, "अब दोनों हाथ गोद में. सौ में से सात घटाते जाइए."

शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत मोजत होते. एकोणऐंशीला अडखळले. अडखळले आणि लक्षात आलं की मी कॅलेंडरकडे बघते आहे. सत्तावीस वर्षं मी लोकांना खिडकीकडे बघायला सांगितलं. मान खाली करायला मला केवढी ताकद लागली ते लिहून सांगता येत नाही. केली. हात मांडीवर होता. बोटं थोडी मुडपलेली, नखांशी जीरावनचा पिवळेपणा. स्वस्थ पडला होता.

डॉक्टर म्हणाले, आज तरी त्यांना कंपवाताचं काही दिसत नाही. वडिलांना होता म्हणून मलाही होईलच असं नाही, पण वर्षातून एकदा दाखवत राहा. थायरॉइड तपासून घ्या. खालच्या मजल्यावरच लॅब होती. रक्त घेणारी बाई माझ्याच वयाची. तिने शीर शोधली, डावा अंगठा टेकवून ताणली, आणि म्हणाली, "उधर देख लीजिए, मॅडम, खिडकी की तरफ."

"नाही," मी म्हटलं, "मी बघते."

स्वतःच्या रक्ताने भरणारी नळी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. हात चांगला होता तिचा.

रिपोर्ट संध्याकाळी आला. थायरॉइड वाढलेलं होतं, माझ्यासारखीने रिपोर्ट वाचताच ओळखावं इतकं. म्हणजे हाताला कारण सापडलं. तरी सुलूताईने पेढे आणले तेव्हा मला पूर्ण आनंद झाला नाही. आप्पांची पहिली तपासणीही चांगलीच आली होती.

सहाव्या दिवशी सरांनी कागद मागितला. मी तो पर्सच्या तळातून काढला, घड्या उलगडल्या आणि खाली लिहिलं, उभं राहणं. जयंतजींनी लिहिलं, चालणं. माझ्या कागदावर नजर टाकून ते म्हणाले, "आता पान चिपकवू नका बरं." सर ऐकत होते. ते म्हणाले, "चिपकवलं तरी मला कऱ्हाडहून कोण सांगणार? कागदावर तर लिहिलंय, की कोणी नाही." मग त्यांनी मला एक चांगलं लाल पान निवडून दिलं. ते मी वहीत घालून आणलं.

ते पान आता कडेला तुटलं आहे, पण चालतं. गोळ्या सुरू आहेत. सकाळी गॅलरीत कुंड्यांमध्ये उभी राहते. कधी सात मिनिटं, एकदा अकरा. सळसळ ऐकू येते आणि भीती अजून वाटते, रोज वाटते. पान पडलं की मी ते लगेच उचलत नाही. खुर्चीवर बसते, डावा हात मांडीवर ठेवते, हातात काही धरत नाही, आणि शंभरातून सात वजा करत त्याच्याकडे बघते, शेवटी दोन उरतात तिथपर्यंत.

आज सकाळी स्वस्थ होता.